बोहनीआधीचा घास

"तुमच्या बोक्याला डायबेटिस आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझा नवरा हसला.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर मोगऱ्या कान पाडून बसला होता. मी त्याची मान धरून उभी होते. आणि शेजारी हा पोट धरून हसतोय. "म्हंजे माह्यावानी?" त्याने विचारलं. मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची शुगर किती असते?" तेव्हा कुठे त्याचं हसू थांबलं. तो कित्येक वर्षं शुगरची गोळी खातो आणि गोळीवर जिलबी खातो. किती असते, हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

ज्यांच्या घरी मांजराला हा आजार निघाला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ही गोड गोष्ट नाही. मुक्या जिवावर माया करा, सगळं ठीक होतं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी माया केली आणि जे झालं ते झालं. तुमच्या कामाचं असेल तेवढं यातून घ्या.

आमचं फुलांचं दुकान आहे, अमरावतीत, देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीत. पुढे दुकान, मागे घर. नांदगाव पेठेच्या अलीकडे दिराचा मळा आहे, फुलं तिथून येतात. मोगऱ्या आला तोही तिथूनच, शेवंतीच्या ओल्या पोत्यात, मुठीएवढा. पांढराशुभ्र होता म्हणून मोगऱ्या. मी हार गुंफायला बसले की तो माझ्या मांडीत बसायचा आणि दोऱ्याला पंजा मारायचा. गिऱ्हाईक हसायचं, देवळातून परत येताना पेढ्याचा तुकडा त्याला द्यायचं. सासूबाई दुपारी त्याला दूधपोळी कुस्करून द्यायच्या. पाच-सहा वर्षांत तो इतका गुबगुबीत झाला की लोक विचारायचे, ही मांजर गाभण आहे का.

मग तो पाणी प्यायला लागला. त्याची वाटी मी भरायची आणि तो रिकामी करायचा, मग फुलांवर पाणी मारायच्या बादलीत तोंड घालायचा. दुकानात जागोजाग मुतायचा. खायचा राक्षसासारखा आणि वाळत चालला होता. मला वाटलं जंत झाले. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली. पांढरं जनावर दुकानात ठेवलं तं लागनच नजर." मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या.

नंतर एक दिवस पाहिलं तर मोगऱ्या मागच्या पायांच्या बोटांवर चालत नव्हता. टाच जमिनीला टेकवून, फरपटत चालत होता. तुमच्या मांजराची अशी चाल दिसली तर ओवाळत बसू नका. याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखर वाढून वाढून पायाच्या नसा खराब होतात.

आमच्या जवळचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांनी हात जोडले. लेक अकोल्याला दिलेली आहे. तिने मॅडमचं नाव सांगितलं. म्हणून फुलांच्या करंडीत मोगऱ्याला घालून, वरून कापड बांधून आम्ही एसटीने गेलो. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तो ओरडत होता आणि सगळी गाडी माझ्याकडे बघत होती.

मांजर घाबरलं की त्याची साखर तशीही चढते, असं मॅडमनी सांगितलं. म्हणून एका तपासणीवर त्यांनी भरवसा ठेवला नाही. फ्रुक्टोसामीन नावाची टेस्ट केली. गेल्या दोनतीन आठवड्यांत रक्तातली साखर साधारण किती राहिली, ते तिच्यात कळतं. त्या क्षणाच्या घाबरण्याने तो आकडा फसत नाही. लघवीत कीटोन्स आहेत का, म्हणजे शरीर आपलीच चरबी जाळून विष तयार करतंय का, तेही पाहिलं. ते नव्हते. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं होतं.

दूध, पोळी, पेढा सगळं बंद. उकडलेलं चिकन किंवा अंडं. रोज दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन, बारा बारा तासांच्या अंतराने. आणि घरी कानाच्या कडेला बारीक टोचून, थेंबभर रक्त काढून साखर बघायची.

मॅडमनी माझ्याकडून तिथेच करून घेतलं. माझा हात बसलेला होता, आयुष्यभर सुईच धरली आहे. निघताना त्या म्हणाल्या, "एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. आधी खाणं, मग सुई. पोटात अन्न नसताना इन्सुलिन गेलं तर साखर खाली येते आणि येतच राहते. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. वाढलेली साखर हळूहळू मारते, उतरलेली तासाभरात मारते."

मी प्रत्येकाला सांगितलं. ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात बोहनी झाल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास जात नाही. सकाळी दुकान उघडायचं, पहिलं गिऱ्हाईक यायचं, पहिला पैसा लक्ष्मीच्या फोटोला लावून गल्ल्यात पडायचा, मगच चूल. चहासुद्धा त्यानंतर. सासरे हेच करत होते, त्यांचे वडीलही. लग्न होऊन आले तेव्हा भुकेने मला घेरी यायची आणि सासूबाई म्हणायच्या, "फूल विकल्याबिगर माळ्यानं खाल्लं तं फूल रुसते." माझी लेक शाळेत रात्रीच्या पोळीचा डबा घेऊन जायची आणि उपाशी जायची. फूल काही रुसलं नाही, लेक मात्र रुसली. दुकानदाराच्या घरात तिने नवरा केला नाही.

तर पहिल्याच दिवशी मोगऱ्याची वाटी मी बोहनीआधी भरली आणि सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"घरातल्या माणसाले घास नाई अन् बोक्याले काहून व?"

"त्याला सुई द्यायची आहे, आई. उपाशीपोटी दिली तर तो मरेल."

"तुह्या नवऱ्याले बी साखर आहे. तो गोळी खाऊन बसते ना उपाशी? मेला का तो?"

मी म्हटलं, मी या घरात असेपर्यंत मोगऱ्या आधी खाईल, मग बाकीचं जग. त्या दिवशी त्यांनी माघार घेतली. पण 'मी असेपर्यंत' हे शब्द त्यांनी नीट लक्षात ठेवले.

नवऱ्याचं ग्लुकोमीटर कपाटात पडून होतं. ग्लुकोमीटर म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र. लेकीने बापाला घेऊन दिलं होतं, बापाने एकदाही बोट टोचलं नव्हतं. ते बोक्याच्या कामी आलं. माणसाचं यंत्र मांजराला थोडा कमी आकडा दाखवतं, म्हणून ते एकदा डॉक्टरांकडे नेऊन ताडून घ्या. इन्सुलिनची बाटली खळखळून हलवू नका, तळहातात हळू फिरवा. आणि बाटलीवर चाळीस किंवा शंभर, जो आकडा असेल त्याच आकड्याची सिरिंज मागा, नाहीतर डोस चुकतो. औषधवाला म्हणेल, सिरिंज म्हणजे सिरिंज. त्याचं ऐकू नका.

हे सगळं मी शिकले. एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती.

आठवडाभरात मोगऱ्या माझ्याजवळ यायचा बंद झाला. मी हार गुंफायला बसले की तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. माझ्या बांगड्या वाजल्या की पलंगाखाली. मी त्याला ओढून काढायची, टॉवेलात गुंडाळायची, कान टोचायची, मान उचलून सुई द्यायची. तो आधी ओरडायचा. पुढे पुढे ओरडणंही सोडलं, नुसता थरथरायचा. सोडलं की थेट सासूबाईंच्या मांडीवर. त्या त्याला कुरवाळायच्या आणि माझ्याकडे बघत म्हणायच्या, "ये रे राजा. कसाईन आहे ते."

आणि लपवून दूध पाजायच्या. मला कळायचं, कारण आकडा कळायचा. सकाळी चढलेला आकडा बघून मी विचारायची, "आई, दूध दिलं का?" तर म्हणायच्या, "थेंबभर. मरत्या जिवाले तोंड गोड नको?" जो जीव मी वाचवत होते तो माझ्यापासून पळत होता आणि जी त्याला दुधाने मारत होती तिच्या मांडीत झोपत होता. मला त्याचा फार राग यायचा, मांजराचासुद्धा. एकदा सुई देताना मी त्याला म्हटलं, "मर मग, बाप्पा." आणि सुई नीट दिली.

शेवटी दुधाचं पातेलं मी कुलपात ठेवलं. म्हातारी माणसं ऐकत नसली तर कुलूप हा चांगला उपाय आहे. त्यानंतर आकडे उतरायला लागले. मोगऱ्याची टाच जमिनीवरून सुटली. पाणी कमी झालं, अंगावरचे केस पुन्हा चकाकायला लागले. एक दिवस त्याने दूर बसून माझ्या दोऱ्याकडे पाहिलं, पंजा थोडा उचलला आणि परत ठेवला. मी काम थांबवून रडले.

पितृपक्ष लागला आणि आकडे आणखी खाली आले. इन्सुलिनची बाटलीही संपत आली होती. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांचे आकडे घेऊन या, मला बघायचे आहेत, बाटली पण घेऊन जा." म्हणून मी पहाटेच्या गाडीने अकोल्याला निघाले. नवऱ्याला सुई देणं शिकवलं होतं. निघताना पुन्हा सांगितलं, चिकन उकडून वाटीत ठेवलं आहे, आधी ते खाऊ दे, मग सातला सुई. तो म्हणाला, "हो व, समजलं. मी का लहान आहो?"

पितृपक्षात हाराला गिऱ्हाईक नसतं. ना लग्न, ना वास्तू, ना नवी गाडी. बोहनीला कधी कधी दुपार होते.

मॅडमच्या खोलीत मी मोबाईलवर आकडे वाचून दाखवत होते. त्या ऐकता ऐकता हसल्या. "याला रेमिशन म्हणतात," त्या म्हणाल्या. "मांजरांमध्ये हे होतं. लवकर साखर आटोक्यात आणली तर त्यांचं शरीर पुन्हा स्वतःचं इन्सुलिन बनवायला लागतं. तुमचा बोका बरा होतोय, ताई. डोस आजपासून एकदम कमी करायचा. सकाळी दिला का?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

"मोगऱ्या वाकडा होऊन राहिला व," नवरा म्हणाला. "तोंडाले फेस आला. पाय झाडून राहिला."

"खाल्लं का त्याने?"

मी खुर्चीतून उठले.

"अहो, खाल्लं का?"

"बोहनी नाई झाली अजून," तो म्हणाला.

मी गेल्यावर सासूबाईंनी वाटी उचलून फडताळात ठेवली होती. आणि याने, सात म्हणजे सात, सुई दिली. का दिली, हे मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी बी तं गोळी खाऊन उपाशीच बसतो. मले काई होते का? म्हटलं त्याले का होईन." जो माणूस आपल्या शुगरने एकदाही शहाणा झाला नाही, त्याने आपल्या शुगरवरून मांजराचा हिशेब केला.

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "मध आहे? साखर? साखर पाण्यात कालवा आणि बोटाने हिरड्यांना लावा. घशात ओतू नका, बोट दातांमध्ये घालू नका. लगेच. आणि जवळच्या डॉक्टरकडे न्या." नवरा ओरडला, "आई, साखर आन!"

आणि सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "थांब."

मग म्हणाल्या, "हे घे. शेवंती दे एक." नाणं लाकडी पाटावर वाजलं. "झाली बोहनी. फोटोले लाव. आता आनतो साखर."

मॅडम फोनकडे बघत राहिल्या. तिकडे कोण काय विकत घेतंय ते त्यांना कळेना. मला कळलं होतं. ते नाणं त्यांच्या पदराच्या गाठीत सकाळपासून होतं. सकाळपासून! एक गाठ सोडायची होती, आणि ती सोडायला त्यांना बोका मरायला टेकलेला बघावा लागला.

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर बर्फाच्या डब्यात इन्सुलिनची नवी बाटली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "प्रसाद आहे का वो?" मी हो म्हटलं.

मोगऱ्या जगला. त्याच गाई-म्हशीवाल्या डॉक्टरांनी, ज्यांनी आधी हात जोडले होते, त्याच्या पायात ग्लुकोजची नळी लावली आणि झटके थांबवायचं औषध दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी मी पोचले तेव्हा तो दुकानात उभा होता. मी हाक मारली. तो पळाला नाही. मला क्षणभर इतका आनंद झाला! मग तो चालायला लागला आणि सरळ जाऊन बादलीवर आपटला.

बादलीवरून तो भिंतीवर गेला. भिंतीला नाक लावून उभा राहिला.

पुन्हा करंडी, पुन्हा अकोला. मॅडमनी डोळ्यांत बॅटरी मारली. "डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "मेंदूला साखर मिळाली नाही, तेवढ्या वेळात बघणारा भाग गेला. काही मांजरांना परत दिसतं. वाट बघू." आम्ही वाट बघितली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्याला दिसलं नाही.

आणि साखर मात्र पूर्ण बरी झाली. तेव्हापासून एकही सुई लागली नाही. आजार गेला, डोळे घेऊन गेला. लोक विचारतात बोका कसा आहे, तर मी सांगते, एकदम बरा.

सासूबाईंशी मी एकदाच भांडले, मोगऱ्याला अकोल्याहून परत आणलं त्या संध्याकाळी. मी म्हटलं, "आई, त्याचे डोळे गेले."

"मेला तं नाई ना."

"तुमच्या बोहनीपायी गेले."

"माहे बी चालले," त्या म्हणाल्या. "मी रडून राहिली का?" आणि वळल्या आणि शेवंतीच्या काड्या तोडायला लागल्या. त्या दिवशी मला त्यांचा राग नाही, किळस आली. अजूनही अधूनमधून येते. मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सासूबाई माझ्याआधी दुकानात होत्या. शटर अजून अर्धंच वर होतं. त्यांनी पदराची गाठ सोडली, नाणं पाटावर टाकलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "दे बे एक शेवंती. झाली बोहनी. घाल त्याले खायला." चूक झाली असं त्या मरेपर्यंत म्हणणार नाहीत. पण त्या दिवसापासून रोज पहिलं गिऱ्हाईक त्याच असतात. नाणं संध्याकाळी गल्ल्यातून परत पदरात जातं. कोणी त्यावर बोलत नाही. नवराही आता मोगऱ्याबरोबरच पोळी खातो आणि मग गोळी घेतो. परवा त्याने स्वतःहून बोट टोचलं, आकडा पाहिला आणि समोरची जिलबी परत पुड्यात बांधली.

म्हणून सांगते. घरातल्या प्रत्येकाला सांगा, आणि सांगून थांबू नका, घरात कोणाचा शब्द चालतो ते बघा. वाटी कोणाच्या हातात आहे ते बघा. आकडे उतरायला लागले की आनंद करत बसू नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढची सुई देऊ नका. आपल्या घरची रीत आजाराला माहीत नसते. घर सोडून बाहेर जाणार असाल तर मांजराला बरोबर न्या, गाडीभर लोक बघेनात का.

मोगऱ्या आता परत माझ्या मांडीत असतो. सासूबाईंच्याही असतो, कोणाच्याही असतो. ज्याची मांडी पायाला लागेल त्याच्यावर चढतो. घरात सगळ्यांच्याच अंगाला फुलांचा वास, त्याला माणूस कळत नाही.

पण मी हार गुंफताना कधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोट चुकून कानाच्या कडेला लागलं, की त्याला कळतं मी कोण ते. तो पळत नाही आता. एकदम स्थिर होतो, मान खाली घालतो आणि कान माझ्याकडे करून धरतो.

मी कान कुरवाळते. म्हणते, "संपलं रे राजा, संपलं." तो तसाच राहतो. सुईची वाट बघत.